चार फलक आणि एक परवानगी

मागील वर्षी आमच्या गल्लीतील मंडळाने जयंतीनिमित्त चार फलक लावले. आपल्या सोलापुरात त्यांना सगळे 'डिजिटल' म्हणतात. परवानगी मात्र एकाच फलकाची होती, तीही तीन दिवसांची. अर्ज घेऊन मीच गेलो होतो. परवान्याचा क्रमांक आम्ही चारही फलकांवर छापला. त्यांतील एक ऐन वळणावर, विजेच्या खांबाला बांधला होता. नवव्या दिवशी गल्लीतील एक मावशी विड्या देऊन परत येत असताना त्याच वळणावर त्यांना रिक्षेचा धक्का लागला. मनगट मोडले. "फलकाआडून माणूस दिसलंच नाही," असे रिक्षावाला म्हणाला आणि ते खरे होते. विडी वळणाऱ्या बाईचे मनगट मोडले म्हणजे काय झाले, हे सोलापूरकरांना सांगायला नको.

त्यानंतर मी या विषयाचे कायदे वाचावयास घेतले. नियमच नसावेत अशी माझी समजूत होती. ती चुकीची निघाली. सोलापूर महानगरपालिका १९६४ साली स्थापन झाली. तिला लागू असलेल्या १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात कलम २४४ आणि २४५ या विषयालाच वाहिलेली आहेत. आयुक्तांच्या लेखी परवानगीवाचून जागेवर, भिंतीवर वा सांगाड्यावर जाहिरात लावता येत नाही. दुकानदाराने स्वतःच्या धंद्याची पाटी स्वतःच्या दुकानावर लावणे यासारखे थोडे अपवाद आहेत. शिवाय १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा आहे. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ रोजी बेकायदा फलकांविरुद्ध सविस्तर आदेशही दिले.

मग अडते कोठे? माझ्या मते मुख्य अडचण काळाची आहे. घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी कोसळून १७ जणांचे प्राण घेणारा लोखंडी फलक अवाढव्य होता. असा फलक वर्षानुवर्षे उभा असतो, त्याचा मालक सापडतो, त्याला नोटीस देता येते. आमच्यासारख्यांचा फलक आठवडाभराचा पाहुणा. तक्रार, पाहणी, पंचनामा होईपर्यंत जयंती उरकलेली असते. पूर्वी मांजरपाटावर पेंटर एकेक अक्षर रंगवीत असे. त्या कष्टामुळे आणि खर्चामुळेच फलकांची संख्या आपोआप आटोक्यात राही. आता छपाई तासाभरात होते. कापडाच्या या गावात फलकाचे कापडच गेले आणि प्लॅस्टिक आले!

दुसरी अडचण नावाची. फलकावर पंचवीस शुभेच्छुकांचे हसरे चेहरे असतात. अर्जदार कोण, हे मात्र कोठेच नसते. आणि शिडी घेऊन आलेल्या कर्मचाऱ्याने एकाचा फलक काढून शेजारचा ठेवला, की तो लगेच कोणाचा तरी शत्रू ठरतो. सणाच्या दिवशी गर्दीसमोर पुढाऱ्याच्या छायाचित्राला हात घालण्याचे धाडस त्याने कोणाच्या बळावर करावे? आम्ही स्वतः त्याला शिव्या दिल्या असत्या, हे मी कबूल करतो.

तरीही हे काम अशक्य आहे असे मला पटत नाही. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुका जाहीर झाल्या, की सरकारी इमारतींवरील फलक २४ तासांत, सार्वजनिक जागांवरील ४८ तासांत आणि खासगी जागांवरील बेकायदा फलक ७२ तासांत हटवावे लागतात. तीच माणसे, त्याच शिड्या. फरक इतकाच, की तेव्हा घड्याळ लावलेले असते, उत्तर द्यायला एक ठरावीक अधिकारी असतो आणि सगळ्याच पक्षांचे फलक एकदम उतरतात. वर्षाच्या इतर दिवशी मुदत संपलेल्या फलकांना हाच न्याय का लावू नये? परवान्यावर जागेचा नकाशा आणि काढण्याची तारीख असावी; ती तारीख उलटली की अनामत जप्त व्हावी. दंडापेक्षा अनामत बरी. तिच्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

यंदा मंडळाच्या बैठकीत मी एकच फलक लावण्याचा आग्रह धरला. बरीच वादावादी झाली. "तू कोणाच्या बाजूचा?" असेही विचारले गेले. शेवटी दोन फलकांवर तडजोड झाली. दोन्हींची परवानगी काढली आणि वळण सोडून जागा निवडली. चौथ्या दिवशी पहाटे मी आणि एक मित्र शिडी घेऊन गेलो. दोऱ्या सोडायला दहा मिनिटे लागली.