टॅबलेटमध्ये अख्खा संगणक हवा का?



मागच्या महिन्यात प्रभागसंघाच्या सभेत दोन तास ज्या विषयात गेले तो कर्जाचा नव्हता, परतफेडीचा नव्हता, टॅबलेटचा होता. ग्रामसंघांच्या नोंदी करायला टॅबलेट घ्यायचे, हे सगळ्यांना मान्य. पण कोणते? लेखापाल ताईंचं म्हणणं, ज्यात पूर्ण संगणक चालतो असे विंडोजवालेच घ्या. कीबोर्ड लावला की लॅपटॉप, काढला की टॅबलेट, एका खर्चात दोन कामं. सीआरपी ताईंचं म्हणणं, आम्हाला मोबाईलसारखा साधा अँड्रॉइड द्या, बाकीचं लफडं नको. आवाज चढले, चहा थंड झाला आणि शेवटी ठरलं की समन्वयक मॅडमनी अभ्यास करून वार्तापत्रात लिहावं.

मी एमएसडब्ल्यू आहे, कॉम्प्युटर इंजिनिअर नाही. तरी पंधरा दिवस वाचलं, विचारलं, हाताळून पाहिलं. आधीच सांगते, सुरुवातीला मी लेखापाल ताईंच्याच बाजूची होते. माझं मत का बदललं, तिथूनच सुरू करते.

पावसाळ्यात एका ओळखीच्या संस्थेकडून मी पूर्ण संगणकाची सिस्टीम असलेला एक टॅबलेट महिनाभरासाठी उसना आणला होता. कीबोर्ड त्यांच्याकडेच राहिला. एका गटाच्या बैठकीत मी त्यावर एक्सेलच्या तक्त्यात नोंदी करत होते. बारा जणी, समाजमंदिरातला अंधुक उजेड आणि एक्सेलची एकेक ओळ माझ्या नखापेक्षाही बारीक. माऊसच्या बाणाच्या टोकाला तेवढी ओळ पुरते, बोटाला पुरत नाही. एका आजींनी भरलेला दीड हजाराचा हप्ता माझ्या बोटाने त्यांच्या वरच्या ओळीत गेला. एकूण बेरीज बरोबर आली, रोख रक्कम जुळली, त्यामुळे मला काही कळलंच नाही.

पुढच्या बैठकीत मी थकबाकी वाचून दाखवली आणि त्यात आजींचं नाव आलं. आजींना वाचता येत नाही. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "म्या भरलेत. सुनंनं मोजून दिलं व्हतं, पाचशेच्या तीन नोटा." सगळ्या गप्प. आजींच्या पासबुकात सचिव ताईंनी हाताने नोंद केली होती, म्हणून दोन मिनिटांत खरं काय ते कळलं. ती नोंद नसती तर? चाळीस वर्षं गावात ज्या बाईने कुणाचा रुपया बुडवला नाही, तिचं नाव माझ्या बोटामुळे खराब झालं असतं. त्या दिवशी परत येताना मला एसटीत रडू आलं, हेही लिहून टाकते.

चूक माझीच होती. पण मग मी विचार केला की ही चूक वहीत का झाली नसती? वहीत ओळ मोठी असते, शेजारी बसलेली ताई डोकावून बघू शकते. मोबाईलच्या ॲपमध्येही बहुतेक वेळा एका सदस्याचं एक पान उघडतं, वर तिचं नाव मोठ्या अक्षरात. संगणकाचा पडदा मात्र माऊस आणि कीबोर्ड धरून बनवलेला आहे. तोच पडदा आक्रसून बोटाखाली दिला की असं होतं.

आता ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे नेमकं काय, ते समजून घेऊ. यंत्र सुरू केल्यावर सगळ्यात आधी जागं होतं आणि बाकी सगळ्यांना कामाला लावतं, ते मूळ सॉफ्टवेअर. संगणकावर विंडोज, लिनक्स, मॅकओएस. फोन-टॅबलेटवर अँड्रॉइड किंवा ॲपलची. (आपल्याकडे एक घोळ होतो. 'लोकोस'च्या नावात 'ओएस' आहे म्हणून एका ताईंना वाटलं की तीच ऑपरेटिंग सिस्टीम. तसं नाही. लोकोस हे अँड्रॉइडवर चालणारं ॲप आहे.)

दोन्हींतला फरक मी असा समजून घेतला. संगणकाची सिस्टीम म्हणजे वाडा. माजघर, कोठी, माळा, परसदार, सगळीकडे तुम्हाला जाता येतं, काय कुठे ठेवायचं ते तुम्ही ठरवता. पण झाडलोटही तुमची, आणि चोर एकदा दारातून आत आला की त्यालाही बरंच काही हाताशी येतं. टॅबलेटची सिस्टीम म्हणजे एसटी स्टँडवरचे गाळे. प्रत्येक ॲपचा आपला गाळा, आपलं शटर. एका गाळ्यातला माणूस परवानगीशिवाय दुसऱ्याच्या गाळ्यात जाऊ शकत नाही. म्हणून 'फोटो वापरू का, माइक वापरू का' असं फोन सारखं विचारत राहतो. गाळ्यात मोकळेपणा कमी, पण राखण सोपी.

वाड्याचं ओझंही जास्त असतं. विंडोज ११ बसवायलाच किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, आपल्या नोंदी त्यानंतर. आणि मोठं अपडेट आलं की यंत्र बराच वेळ अडून बसतं. उसन्या टॅबलेटवर भर बैठकीत ते सुरू झालं. बायका माझ्याकडे बघतायत, मी गोल फिरणाऱ्या ठिपक्यांकडे. शेवटी एक जण म्हणाली, "मॅडम, तवर वहीत लिवून घ्या." घेतलं.

हा वाद आपल्या प्रभागातच आहे असं समजू नका, जगातल्या मोठमोठ्या कंपन्या पंचवीस वर्षं यावर डोकं खाजवतायत. मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये टॅबलेटसाठी विंडोज एक्सपीची खास आवृत्ती काढली. पूर्ण संगणक, वर पेनाने लिहायची सोय. त्याच्या आदल्या वर्षी बिल गेट्स म्हणाले होते की पाच वर्षांत अमेरिकेत सगळ्यात जास्त खपणारा संगणक हाच असेल. तसं झालं नाही. मग २०१० मध्ये ॲपलने आयपॅड आणला. त्यात संगणकाची नाही, तर त्यांच्या फोनची सिस्टीम घातली होती. लोक हसले, मोठा फोन म्हणाले. आणि टॅबलेट घराघरात गेला तो तिथूनच.

२०१२ ची गोष्ट तर आपल्यासाठी फार कामाची आहे. मायक्रोसॉफ्टने 'सरफेस आरटी' नावाचा टॅबलेट काढला. दिसायला विंडोज, आत तोच डेस्कटॉप. पण आतला प्रोसेसर वेगळ्या जातीचा, मोबाईलमध्ये असतो तसला. त्यामुळे विंडोजची नेहमीची जुनी सॉफ्टवेअर त्यावर बसतच नव्हती. मिरची कांडायच्या डंकात गहू टाकून पीठ मागावं तसं झालं. माल पडून राहिला आणि पुढच्याच वर्षी कंपनीने ९० कोटी डॉलरचा तोटा हिशोबात दाखवला. आता ती अडचण बरीच कमी झाली आहे. अशा प्रोसेसरवरही विंडोज ११ जुनी सॉफ्टवेअर चालवून घेते. पण जुना प्रिंटर किंवा बोटाचा ठसा घेणारं यंत्र त्याला जोडलं तर चालेलच असं नाही. म्हणून दुकानदार 'यात विंडोज आहे' म्हणाला की लगेच पैसे मोजू नका.

ॲपलचं उलटं. २०२१ पासून त्यांच्या महागड्या आयपॅडमध्ये संगणकातलाच एम१ प्रोसेसर आला. म्हणजे ताकद तीच. तरी त्यांनी संगणकाची सिस्टीम त्यात घातली नाही. २०२५ मध्ये लहान-मोठ्या करता येणाऱ्या खिडक्या आणि वरची मेनूपट्टी दिली, तरी मूळ सिस्टीम वेगळीच ठेवली. काही जाणकार म्हणतात, यात दोन्ही वस्तू विकायचा धंदा आहे. असेलही.

स्टीव्ह जॉब्स यांनी २०१० मध्ये एक तुलना केली होती. अमेरिका शेतीप्रधान होती तेव्हा सगळ्या गाड्या ट्रकच असायच्या, कारण शेतावर त्यांचीच गरज होती. पुढे लोक शहरात आले आणि साध्या मोटारी वाढल्या. संगणक म्हणजे ट्रक, तो राहील, पण लागेल थोड्यांनाच. मी हे सभेत सांगितलं तर लेखापाल ताई पटकन म्हणाल्या, "मॅडम, आपण अजून शेतातच आहोत. मग आपल्याला ट्रकच पायजे की!"

मला उत्तर सुचलं नाही. खरं तर त्यांचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नाहीच. पूर्ण संगणकावाचून अडणारी कामं आपल्याकडे आहेत. लेखापरीक्षक टॅलीतला हिशोब मागतात, टॅली विंडोजवर चालतं. मसाला आणि पापड करणाऱ्या गटांची लेबलं नीट मापात बनवून छापायची तर मोठा पडदा आणि माऊस लागतोच. बँकेला द्यायचे तक्ते, दोन फाईल शेजारी-शेजारी उघडून केलेली ताळमेळ तपासणी, ही टॅबलेटवर शिक्षा आहे. आपल्या संघाची काही वर्षांपूर्वीची इतिवृत्तं जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलेली आहेत. ती टॅबलेटवर उघडली की इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी दिसते. ती आधी संगणकावर युनिकोडमध्ये करून घ्यावी लागतील.

आणखी एक गोष्ट त्यांच्या बाजूने. वाड्यात आपली फाईल आपल्या हातात असते. पेनड्राईव्हवर घ्या, दुसरीकडे न्या. ॲपमध्ये माहिती कुठे साठते ते आपल्याला दिसत नाही. उद्या ॲप बंद पडलं तर? म्हणून ॲपमधून महिन्याचा अहवाल पीडीएफ किंवा एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो का, हे मी आता पहिल्यांदा बघते.

पण या कामांची यादी पुन्हा वाचा. ही सगळी कार्यालयात, टेबलावर, एका माणसाने करायची कामं आहेत. गटाच्या बैठकीतली नाहीत. बैठकीत काय असतं? सतरंजी, मध्ये पैशाची पेटी, मांडीवर पोर. कधी लाईट नाही, कधी रेंज नाही. तिथे मोबाईलच्या चार्जरवर चार्ज होणारं, झटकन उघडणारं, मराठीत बोललं तर टाईप करणारं यंत्र हवं. आणि महत्त्वाचं म्हणजे शेजारच्या ताईला आपलं नाव आणि आकडा दिसला पाहिजे. नाबार्डने २०१५ मध्ये गटांच्या नोंदी डिजिटल करायचा 'ई-शक्ती' प्रकल्प सुरू केला. त्याची सुरुवात झारखंडमधलं रामगढ आणि आपलं धुळे या दोन जिल्ह्यांतून झाली होती. तिथेही गावपातळीवरच्या ॲनिमेटरच्या हातात संगणक दिला नव्हता, मोबाईल-टॅबलेटवरूनच नोंदी गेल्या.

ट्रकच्या प्रश्नाचं उत्तर मला नंतर आपल्या अवजार बँकेपाशी सापडलं. आपण प्रत्येक सदस्याला रोटाव्हेटर घेऊन दिला का? नाही. एक घेतला, सगळ्यांनी पाळीने वापरला. विळा-खुरपं मात्र जिचं तिच्या हातात. संगणकाचंही तसंच करावं असं माझं मत झालं आहे. ग्रामसंघांना साधे अँड्रॉइड टॅबलेट आणि प्रभागसंघाच्या कार्यालयात सगळ्यांसाठी एक चांगला लॅपटॉप, प्रिंटरसकट. ज्या मुलींचं आणि ताईंचं एमएससीआयटी झालंय आणि सराव नाही म्हणून हात मोडलाय, त्यांनाही तो दुपारी वापरता येईल. दोन यंत्रं म्हणजे दोन दुरुस्त्या, हा लेखापाल ताईंचा आक्षेप राहतोच. तो मला मान्य आहे. पण एक यंत्र बिघडलं म्हणून बैठक आणि ऑडिट दोन्ही अडावं, त्यापेक्षा हे बरं.

सभेत एकीने जुना लॅपटॉप स्वस्तात मिळतोय असं सांगितलं होतं, त्याबद्दल थोडं. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि बरीच जुनी यंत्रं विंडोज ११ घेत नाहीत. तसल्यावर फुकटातली लिनक्स टाकता येते, सी-डॅकची 'बॉस' लिनक्स मराठीतही आहे, पण टॅली लागणार असेल तर तो मार्ग आपला नाही. अँड्रॉइड टॅबलेट घेतानाही 'सुरक्षा-अपडेट किती वर्षं मिळणार' हे विचाराच. आणि पासबुकातली हाताची नोंद कुठल्याही यंत्रासाठी बंद करायची नाही. हा मुद्दा मी सभेत ठरावात घ्यायला सांगणार आहे.

पुढच्या मासिक सभेत दोन्ही प्रकारचे टॅबलेट टेबलावर असतील, दोन दिवसांसाठी मागून आणते आहे. ग्रामसंघाच्या लेखापाल ताईंनी येताना गेल्या महिन्याचं कॅशबुक आणावं. प्रत्येकीने त्यातल्या दहा नोंदी दोन्हींवर करून बघायच्या, शेजारणीने घड्याळ लावायचं आणि चुका मोजायच्या. आजींनाही बोलावलंय. त्या म्हणाल्या, येते, पण पासबुक घेऊन येईन.