ओतीव की घडीव? क्रँकशाफ्टची पारख

इंजिनातील पिस्टनच्या सरळ गतीचे चक्राकार गतीत रूपांतर करणारा दंड म्हणजे क्रँकशाफ्ट होय. इंधनाच्या प्रत्येक ज्वलनाबरोबर तो किंचित वाकतो व पिळला जातो. ट्रॅक्टर किंवा पाणी उपसण्याचे डिझेल इंजिन दुरुस्तीस काढले असता हा दंड ओतीव आहे की घडीव, हे प्रथम जाणून घेणे आवश्यक असते. दिसण्यात दोन्ही सारखे असले तरी त्यांची दुरुस्ती सारखी नसते.

घडणीतील फरक

ओतीव दंड वितळलेले बीड वाळूच्या साच्यात ओतून तयार होतो. त्यासाठी साधे बीड चालत नाही. साध्या बिडात ग्रॅफाइट पापुद्र्यांच्या रूपात असते व त्यामुळे धातू ठिसूळ होतो. मॅग्नेशियमच्या योगाने त्याच ग्रॅफाइटच्या बारीक गोळ्या बनतात आणि बीड चिवट होते. हे तंत्र १९४०च्या दशकात पुढे आले. घडीव दंडासाठी पोलादाची तप्त कांब ठशांच्या दोन भागांत दाबतात. त्यामुळे धातूचे तंतू दंडाच्या वळणांबरोबर वळतात आणि वारंवार बसणारे ताण सोसण्याची शक्ती वाढते. महाराष्ट्रात पुण्याच्या भारत फोर्ज या कारखान्यात असे घडीव दंड बनतात. कोल्हापूर परिसर बिडाच्या ओतकामासाठी प्रसिद्ध आहे.

ओळखण्याच्या खुणा

पहिली व महत्त्वाची खूण सांध्याच्या रेघेची. दंडाच्या भुजांचा यंत्रावर न कातलेला भाग पाहावा. साच्याचे दोन भाग जुळतात तेथे ओतीव दंडावर बारीक, उंचावलेली रेघ दिसते. घडीव दंडावर ठशांच्या फटीतून बाहेर आलेला धातू छाटलेला असल्याने तेथे रुंद पट्टा दिसतो. तो बहुधा सेंटिमीटरभर किंवा त्याहून अधिक रुंद असतो.

दुसरी खूण आवाजाची. दंड दोरीने टांगून हलका ठोका द्यावा. पोलाद घंटेसारखे निनादते. बिडाचा आवाज बद्द येतो व लवकर विरतो. मात्र तडा गेलेले पोलादही बद्द वाजते, हे ध्यानी ठेवावे.

तिसरी खूण कणांची. बिनमहत्त्वाच्या जागी छिद्र पाडल्यास बिडाचे तुकडे व काळसर भुकटी पडते, तर पोलादाचा लांब, वळलेला कीस निघतो. एकाच खुणेवर विसंबू नये; दोन-तीन खुणा जुळल्यावरच निर्णय घ्यावा.

दुरुस्तीचा प्रश्न

बेअरिंगच्या जागा झिजल्यावर त्या घासून कमी मापाच्या केल्या जातात. बीड घासताना ग्रॅफाइटच्या गोळ्यांभोवती सूक्ष्म कुसळे उभी राहतात. म्हणून ओतीव दंडाची अखेरची झिलई इंजिनातील फिरण्याच्या दिशेचा विचार करून द्यावी लागते. अन्यथा नवे बेअरिंग लवकर खरवडले जाते. घडीव दंडाच्या पृष्ठभागास नायट्रोजनचे पातळ कठीण कवच दिलेले असल्यास जास्त घासल्याने ते निघून जाते व दंडास पुन्हा ती प्रक्रिया द्यावी लागते.

ओतीव दंड हलक्या प्रतीचा असतो, असा समज आढळतो. तो योग्य नाही. कारखान्याने ज्या इंजिनासाठी ओतीव दंड योजला, तेथे तो चांगले काम देतो. परंतु मूळ दंड घडीव असलेल्या अवजड इंजिनात केवळ माप जुळते म्हणून ओतीव दंड बसविणे धोक्याचे ठरते. चालू इंजिनात दंड तुटल्यास सिलिंडरचा ठोकळाही निकामी होऊ शकतो. यास्तव सुटा भाग खरेदी करताना मापाबरोबर धातूचीही नोंद दरपत्रकात मागून घ्यावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांनी मोडीतील दोन्ही प्रकारचे दंड शेजारी ठेवून ही पारख विद्यार्थ्यांच्या हाती प्रत्यक्ष दिल्यास तिचा उपयोग गावोगावच्या दुरुस्ती दुकानांपर्यंत पोहोचेल.