पारसिकच्या भिंतीवरच्या पन्हळी

प्रश्न : मी शिरवण्यात राहतो. महामार्गापलीकडे, एमआयडीसीच्या मागे, अर्धा डोंगर खाऊन टाकलेल्या दगडखाणी आहेत. काही बंद पडल्यात, पावसाळ्यात त्यांत तळी साचतात. एका उघड्या भिंतीवर वरून खाली सरळ, समांतर पन्हळी दिसतात. कॅनडातल्या भाच्यानं तिथल्या कातळावरच्या अशाच रेषांचे फोटो पाठवले आणि त्या हिमनदीनं ओढल्यात असं सांगितलं. आमच्याकडे कधी हिमनदी होती का? नसेल, तर महाराष्ट्रात कुठे होती का?
— एक वाचक, शिरवणे

उत्तर : भाचा म्हणतो ते खरं आहे, पण तुमच्या पन्हळी हिमनदीच्या नाहीत. त्या सुरुंगाच्या आहेत. कातळात ओळीनं भोकं पाडायची, त्यांत दारू ठासायची आणि उडवायची. दगड सुटून खाली येतो आणि प्रत्येक भोकाची अर्धी नळी मागे भिंतीवर राहते. जवळून पाहा (पावसाळ्यात नको, आणि काठावर तर मुळीच नको). नळीची गोलाई एकसारखी असते, दोन नळ्यांमधलं अंतरही जवळपास सारखं असतं. अंगठा जेमतेम मावेल अशी बारीक नळी हातातल्या यंत्राची, आणि मूठ शिरेल अशी मोठ्या यंत्राची. निसर्ग इतकं मोजूनमापून काम करत नाही.

हिमनदीचा ओरखडा वेगळा. बर्फ स्वतः मऊच असतो, कातळावर त्याचा ओरखडा उठत नाही. पण त्याच्या तळाशी दगडगोटे गोठून बसलेले असतात आणि वरून शेकडो मीटर बर्फाचं वजन असतं. पाट्यावर वरवंटा फिरवताना मध्ये खडा अडकला तर जे होतं, तेच तिथे होतं. ते ओरखडे उभ्या भिंतीपेक्षा जमिनीवर, घासून गुळगुळीत झालेल्या फरशीसारख्या कातळावर सापडतात. काही केसासारखे बारीक, काही बोटभर रुंद, पण बहुतेक एकाच दिशेनं गेलेले. घासणाऱ्या गोट्यांनाही सपाट पैलू पडतात आणि त्यांच्या अंगावरही रेघोट्या उठतात.

पारसिकच्या डोंगरावर हे काही सापडणार नाही. शेवटच्या हिमयुगातही सह्याद्रीवर हिमनद्या नव्हत्या. आपण विषुववृत्ताच्या फार जवळ आहोत आणि आपलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचं. शिरवण्यामागचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून थरावर थर ओतलेला लाव्हा. पाहायचंच असेल तर ते थर पाहा. दोन लाव्हांच्या मध्ये विटकरी लाल पट्टा दिसला, तर ती त्या काळची माती. पुढचा लाव्हा वर येईपर्यंत उघडी पडून राहिलेली. थरांना उभा छेद देऊन गेलेली दगडी भिंत म्हणजे मागाहून भेगेत शिरून थिजलेला लाव्हा. आणि थर आडवे नसून खाडीच्या बाजूला कललेले दिसले, तर डोळ्यांचा दोष समजू नका. पनवेलच्या पट्ट्यात हे सगळे थर पश्चिमेकडे वाकलेत. भूशास्त्रज्ञ त्याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात. खाण खोदली नसती तर हे झाडोऱ्याखाली झाकलेलंच राहिलं असतं. अंधेरीचा गिल्बर्ट हिलही तसाच उघडा पडला. आजूबाजूचा दगड खाणवाल्यांनी नेला आणि मधला स्तंभांचा सुमारे ६० मीटरचा सुळका तेवढा उरला. म्हणून खाणींचं कौतुक करावं असं नाही. १९७० साली सिडको आली, नवी मुंबई उभी राहू लागली आणि तिच्या रस्त्यांना, इमारतींना लागणारी खडी याच डोंगरातून गेली. क्रशरची धूळ मात्र शेजारच्या वस्तीनं आणि घण-पहार चालवणाऱ्या वडार मजुरांनी गिळली.

आता दुसरा प्रश्न. महाराष्ट्रात हिमनदी होती का? होती. आणि योगायोग असा की तीही खाणींच्याच मुलखात.

चंद्रपूरच्या पश्चिमेला पैनगंगेच्या काठी इरई नावाचं गाव आहे. चंद्रपूर शहराजवळून वाहणारी इरई नदी आणि तिच्यावरचं धरण वेगळं, ही गल्लत नेहमी होते. या गावाजवळ नदीच्या पात्रातल्या चुनखडीवर हिमनदीचे ओरखडे आहेत, अगदी भाच्याच्या फोटोतल्यासारखे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ साली त्यांच्याबद्दल लिहिलं. त्याआधी १८५६ मध्ये ओडिशातल्या तालचेरला ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांना बारीक गाळात रुतलेले मोठाले धोंडे दिसले होते. वाहत्या पाण्यानं धोंडे आणि बारीक गाळ असे एकत्र टाकले नसते, तेव्हा हे बर्फाचं काम असावं, असा त्यांचा तर्क होता. उष्ण देशात बर्फ? अनेकांना तो पटेना. इरईच्या फरशीनं त्या तर्काला बळ दिलं. तालचेरवरूनच या थरांना तालचिर नाव पडलं. ते सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे भारत गोंडवन खंडाचा भाग होता आणि दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता तेव्हाचे. इरईवर बर्फ सरकत होता तेव्हा तुमचा डोंगर जन्माला यायला अजून तेवीस-चोवीस कोटी वर्षं होती!

मग बर्फ वितळला, दलदली झाल्या, त्यांत जंगल गाडलं गेलं आणि त्याचा कोळसा झाला. वर्धा खोऱ्यातला कोळसा या तालचिर थरांच्या वरच्या अंगाला आहे. वरोऱ्याची खाण १८७१ मध्ये सुरू झाली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी बंद पडली. घुग्गुस, बल्लारपूर, दुर्गापूर इथे काम पुढे वाढत गेलं. आज त्या भागात गेलात तर सपाट प्रदेशात मध्येच टेकड्या उठलेल्या दिसतील. त्यांना डोंगर समजू नका. कोळशावरची माती नि दगड उपसून रचलेले ते ढिगारे आहेत. गंमत म्हणजे हिमनदीही वितळताना असाच ढिगारा टाकून जाते, त्याला हिमोढ म्हणतात. लांबून दोन्ही सारखे दिसतील. हिमोढातला धोंडा झिजलेला, पैलू पडलेला असतो, खाणीतला ताजा फुटलेला आणि धारदार.

शिरवण्याशी बर्फाचा एक संबंध मात्र आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवरचं इतकं पाणी उत्तरेकडच्या हिमस्तरांत अडकलं होतं की समुद्र आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होता. किनारा मुंबईच्या पश्चिमेला दूर सरकलेला होता आणि ठाण्याची खाडी म्हणजे कोरडी दरी होती. बर्फ वितळून समुद्र चढला तेव्हा तिच्यात पाणी शिरलं. एकोणिसाव्या शतकात मुंबईत प्रिन्सेस डॉकसाठी खोदाई चालू असताना चिखलाखाली मुळांवर उभी असलेली खैराची झाडं सापडली होती. ती समुद्र चढल्यानं बुडाली की जमीन खचल्यानं, यावर भूशास्त्रज्ञांचा वाद झाला आहे.

तेव्हा भाच्याला सुरुंगाच्या नळ्यांचा फोटो पाठवा, खाली खरं कारण लिहून. पुढच्या उन्हाळ्यात तो आला तर चंद्रपूरचं तिकीट काढा. पैनगंगेचं पाणी उतरलेलं असताना ती फरशी पाहायला सोपी जाते. आणि शिरवण्याच्या खाणीतल्या तळ्यात पोहायला त्याला उतरू देऊ नका. खाणीच्या तळाला किनाऱ्यासारखा उतार नसतो. पहिलं पाऊल गुडघाभर पाण्यात पडतं आणि दुसऱ्याला तळच लागत नाही.