टॉसच्या आधीची बैठक

जत्रांच्या दिवसांत आपल्या नगर जिल्ह्यात टेनिस बॉलच्या स्पर्धा गावोगाव भरतात, आणि मैदान म्हणजे बहुतेकदा पीक निघालेलं रान. तिथं पंचगिरी करताना पदरात पडलेलं हे थोडं.

१. जे ठरवायचं ते टॉसच्या आधी. सीमारेषा आणि मैदानाच्या खास अटी कॅप्टनांशी नाणेफेकीआधीच ठरवाव्यात, असं एमसीसीच्या नियमावलीतही आहे. बॅटिंग कुणाची हे कळेपर्यंत दोन्ही कॅप्टन न्यायाधीशासारखे बोलतात. नाणं पडलं की लगेच वकील होतात.

२. मंडपात खुर्चीवर बसून नियम ठरवू नयेत. दोघांना घेऊन मैदान पायी फिरावं. राहुरी-नेवाशाकडे एका अंगाला ऊस असतोच. पाथर्डी-जामखेडकडे बांध आणि बाभळी. उसात बॉल टप्पा पडून गेला तर चार, थेट गेला तर सहा, आणि बॉल शोधायला एकानंच जायचं, कारण ऊसवाला पलीकडं उभा असतो. विजेच्या तारेला लागला तर डेड बॉल. सगळ्यात अवघड बाभळ. रेषेच्या आतल्या झाडाला लागून उडालेला बॉल हातात आला, तर छापील नियमाप्रमाणे तो झेल धरला जातो. फक्त ते झाड टॉसआधी सीमा म्हणून ठरलेलं नसावं. हे बहुतेक खेळाडूंना ठाऊकच नसतं. म्हणून प्रत्येक झाडाचा निकाल मी दोन्ही कॅप्टनांच्या तोंडून वदवून घेतो.

३. झाडासाठी नियम करायला लाजू नये. इंग्लंडात कँटरबरीच्या मैदानावर रेषेच्या आत लिंडनचं मोठं झाड होतं. त्याला बॉल लागला की चार धावा. २००५ साली ते पडलं, तोवर काउंटीचे सामने त्याच्यासह झाले.

४. यजमान गावाला आधी बोलू द्यावं, शेवटचा शब्द मात्र आपला. बेसबॉलमध्येही हीच रीत आहे. सामन्याआधी होम प्लेटपाशी दोन्ही संघ खेळाडूंच्या याद्या पंचाकडे देतात, यजमान मैदानाचे नियम मांडतात; पाहुण्यांना पटले नाहीत तर मुख्य पंच ठरवतो. शिकागोच्या रिग्ली फील्डवर भिंतीभर वेल आहे. त्यात बॉल अडकला की बॅटरला दोन बेस. वेल छाटा असं कुणी म्हणत नाही. आपल्याकडं एव्हाना कोयता आला असता.

५. एलबीडब्ल्यू नाही, फेकी बॉलिंग चालणार नाही, पॉवरप्ले किती ओव्हरचा, हे दोन मिनिटांत उरकावं.

६. ठरलेलं सगळं कॉमेंट्रीवाल्याकडून माइकवर दोनदा सांगून घ्यावं. कॅप्टन ऐकतात, भांडण उठतं ते बांधावरून.

"पंच, मागल्या साली त्या लिंबाला सिक्स व्हती!"

"औंदा फोर हाये, तात्या. माइकवर तुमच्याच पुतण्यानं सांगितलं."