फवारणी केव्हा करू नये?

आपल्या महाविद्यालयातील पुष्कळ विद्यार्थी कपाशी पिकविणाऱ्या घरांतून येतात. 'कोणते औषध मारू?' हा प्रश्न त्यांच्या कानांवरून हंगामात रोज जात असेल. (विषाला आपण औषध म्हणतो, ही आपल्या व्यवहारभाषेची एक गंमतच आहे.) अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला याहून वेगळा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. तो म्हणजे, फवारणी केव्हा करू नये?

१९५९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश व हेगन या चार कीटकशास्त्रज्ञांनी एका निबंधात आर्थिक नुकसानीच्या पातळीची कल्पना मांडली. शेतात कीड दिसली म्हणजे नुकसान झाले असे नव्हे. तिच्यामुळे होऊ घातलेले नुकसान फवारणीच्या खर्चाइतके होण्याची चिन्हे दिसली, तरच फवारणीला अर्थ आहे. आपण वर्गात शिकतो त्या सीमान्त खर्चाचा व सीमान्त लाभाचाच हा हिशेब होय.

हा हिशेब शेतात कसा करतात ते शेंदरी बोंडअळीच्या उदाहरणाने पाहू. पेरणीनंतर सुमारे दीड महिन्याने एकरी २ कामगंध सापळे लावतात. सापळ्यात मादीच्या गंधाची कृत्रिम गोळी असते, तिला भुलून नर पतंग आत येतात. सलग ३ रात्री सापळ्यामागे ८ किंवा अधिक पतंग सापडले, अथवा २० हिरवी बोंडे फोडली असता २ बोंडांत अळी निघाली, तर उपाय करावा. एरवी हात आवरावा. गेल्या हंगामात मी ही मोजणी आमच्या शेतात करून पाहिली. काम मुळीच अवघड नाही. बोंडे फोडणे मात्र जिवावर येते. आमच्या काकूंच्या मते मी चांगला कापूस वाया घालवीत होतो, आणि एका अर्थी ते खरेही होते. माहितीलाही किंमत पडते.

यावर कोणी म्हणेल, मोजण्यात वेळ कशाला घालवावा? एक फवारणी जास्त झाली तर बिघडले कोठे? बिघडते ते असे. मावा व तुडतुडे यांच्यावर ढालकिडा, क्रायसोपाच्या अळ्या, कोळी हे जगतात. पीक लहान असताना केलेल्या सरसकट फवारणीने मित्र व शत्रू दोन्ही मरतात. परंतु शत्रूची वीण झपाट्याने होते, मित्रांची तशी होत नाही. मग पुढची फवारणी अटळ होते, आणि तिच्यापुढचीही.

भाताच्या पिकात हे फार स्पष्टपणे दिसून आले. तपकिरी तुडतुड्याची अंडी पानाच्या आवरणाच्या आत असतात, तेथे विष पोचत नाही. बाहेर फिरणारे कोळी मात्र मरतात. इंडोनेशियात सरकार कीटकनाशकांना भरघोस अनुदान देत होते, फवारण्या वाढत होत्या आणि तुडतुडाही वाढत होता. अखेर १९८६ साली तेथील अध्यक्षांनी ५७ कीटकनाशके भातावर वापरण्यास मनाई केली व १९८९ पर्यंत अनुदान टप्प्याटप्प्याने बंद केले. भाताचे उत्पादन घटले नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मला यातील अनुदानाची बाब बंदीइतकीच महत्त्वाची वाटते.

आपल्याकडे खर्च केवळ पैशाचा नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे २० शेतकरी व शेतमजूर दगावले. पाठीवर पंप घेऊन पुरुषभर उंच कपाशीत शिरणारा माणूस बहुधा रोजंदारीवरचा असतो. फवारणीच्या जमाखर्चात त्याची हजेरी लिहिली जाते, त्याचा जीव लिहिला जात नाही.

त्याच वर्षी बोंडअळीचाही कहर झाला. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले आणि काही वर्षे बोंडअळ्यांसाठीच्या फवारण्या खरोखर कमी झाल्या. पुढे शेंदरी अळी त्या दोन्ही जनुकांना पुरून उरली. ही अळी अंड्यातून निघाल्यावर लवकरच बोंडात शिरते व शिरल्याचे छिद्रही बुजते. त्यानंतरची फवारणी वरवरची ठरते. म्हणून तिचा खरा उपाय उपासमार हाच आहे. डिसेंबरअखेर कपाशी काढून पऱ्हाट्यांची विल्हेवाट लावली तर तिची साखळी तुटते. फरदड ठेवली तर तुटत नाही.

येथेच मला अडचण दिसते. ओलिताची सोय असलेला शेतकरी फरदड ठेवतो, कारण त्याला आणखी एक-दोन वेचे मिळतात. त्याच्या शेतात वाढलेले पतंग पुढच्या वर्षी कोरडवाहू शेजाऱ्याच्या कपाशीवर येतात. लाभ एकाचा, भुर्दंड दुसऱ्याचा. सापळे आणि ५ टक्के निंबोळी अर्क एकट्याला वापरता येतात; फरदड मात्र साऱ्या शिवाराने मिळून सोडावी लागते. त्यासाठी ओलितवाल्याचे बुडणारे उत्पन्न कोणी भरून द्यावे, की त्याच्या जागी हरभऱ्याचा मार्ग दाखवावा, याचा विचार गावपातळीवर होताना मला तरी दिसलेला नाही.

दुसरी अडचण सल्ल्याची. शेतकरी दोन पाने खिशात घालून दुकानात जातो आणि ती पाहून जो सल्ला देतो तोच बाटली विकतो. दुकानदाराला वाईट म्हणण्याचा माझा हेतू नाही. पण 'आज काही मारू नका' असे सांगण्यात त्याचा लाभ नाही, हे उघड आहे. त्रयस्थपणे मोजणारे कोणीतरी गावात हवे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या आपल्या पथकाने दत्तक गावात सापळ्यांतील पतंग मोजून ते आकडे चावडीवरच्या फळ्यावर लिहावेत, अशी माझी प्राध्यापकांना विनंती आहे. मात्र हिवाळी शिबिरापर्यंत थांबून चालणार नाही. जूनमध्ये पेरा झाला तर मोजणी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच सुरू करावी लागेल.