कडेवरच्या मुलांचे शिक्षण

बालशिक्षणाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते ते तीन ते सहा वर्षांचे मूल. ते रांगेत बसते, बडबडगीत म्हणते, पाहुणे आले की हात जोडते. त्याचे शिक्षण दिसून येते. त्याच्या आधीचे मूल, म्हणजे पाळण्यातले, बहिणीच्या कडेवरचे किंवा नुकतेच पाऊल टाकू लागलेले मूल, शिक्षणाच्या हिशेबात सहसा धरले जात नाही. त्याचे वजन घ्यावयाचे, त्याला लस टोचावयाची, त्याच्या वाट्याचा आहार घरी पोहोचवावयाचा, येथे त्याचे प्रकरण संपते. ‘एवढ्याशा जिवाला शिकवणार तरी काय?’ हा प्रश्न ग्रामसभेत जसा विचारला जातो तसा कार्यालयातही विचारला जातो. त्याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आपल्याच राज्यात, डहाणू तालुक्यात, फार पूर्वी झालेला आहे.

भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालमंदिराचे काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९३६ मध्ये दादर येथे शिशुविहार सुरू केला. परंतु शहरी बालमंदिराला लागणारी इमारत आणि साहित्य खेड्याला पेलणारे नव्हते. खेड्यातील बालशिक्षणाची वाट खेड्यात राहूनच शोधावी म्हणून १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे काम आरंभिले. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गावात बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतील मुले तिच्याकडे फिरकेनात. तेव्हा बालवाडीच त्या मुलांच्या अंगणात नेण्यात आली. आज देशभर रूढ झालेल्या ‘अंगणवाडी’ या शब्दामागे हा अनुभव आहे. अंगणात गेलेल्या शिक्षिकेचे पहिले पाठ अक्षरांचे नव्हते; मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, नखे काढणे हेच ते पाठ होते.

पुढे हे काम जवळच्या कोसबाड टेकडीवर, वारली वस्त्यांच्या सान्निध्यात गेले, आणि तेथे एक निराळीच अडचण समोर आली. शाळेच्या वयाची मुलगी शाळेत येऊ शकत नव्हती, कारण आई मजुरीला गेल्यावर तान्हे भावंड तिच्या कडेवर असे. मुलगे गुरांमागे रानात असत. गुरे राखणाऱ्यांसाठी शाळाच कुरणात गेली, ती कुरणशाळा. बहिणीच्या कडेवरच्या मुलासाठी पाळणाघर काढण्यात आले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणाऱ्या या योजनेला ताराबाईंनी विकासवाडी हे नाव दिले. भावंड पाळणाघरात सुरक्षित आहे एवढी खात्री पटली की मोठी बहीण पलीकडच्या वर्गात जाऊन बसू शकते. शिक्षणखात्याच्या अनेक लांबलचक अहवालांत न सापडणारे हे साधे व्यवहारज्ञान होते, असे म्हणावेसे वाटते.

आता प्रश्न असा की, पाळणाघरातील मुलाला केवळ सांभाळावयाचे की शिकवावयाचेही? या वयात ही दोन कामे वेगळी करता येत नाहीत. तान्ह्या मुलाला निराळा तास नसतो. त्याचे दुपटे बदलणे, त्याला भरवणे, निजवणे, अंगाला तेल लावणे हाच त्याचा तास. दुपटे बदलताना सेविका मुकाट्याने हात चालवील तर काम होईल. परंतु ती मुलाकडे पाहून, त्याचे नाव घेऊन, ‘आता पाय वर कर हं’ असे म्हणेल आणि क्षणभर थांबेल तर पाठ होईल. थांबणे हा यातील महत्त्वाचा भाग होय. तीन-चार महिन्यांचे मूल हुंकार देते, त्याला उत्तर मिळाले की पुन्हा हुंकारते. संभाषणात आपली पाळी कोणती आणि समोरच्याची कोणती, हे ते बोलू लागण्यापूर्वी कितीतरी आधी येथे शिकते. हे बोलणे घरच्या बोलीत असावे. वारली, कोरकू किंवा गोंडी घरातील बाळाशी प्रमाण मराठीतच बोलण्याचा आग्रह धरणे म्हणजे त्याचे ओळखीचे स्वर हिरावून घेणे होय.

आपल्या आयाआजींनी या विद्येचा मोठा साठा जपून ठेवला आहे. पदराआड तोंड लपवून ‘कुक्’ करण्याचा खेळ घ्या. आठ-नऊ महिन्यांच्या सुमारास मुलाला उमगू लागते की, जे दिसत नाही ते नाहीसे झालेले नसते; आणि नेमका याच वयात हा खेळ त्याला सर्वांत अधिक आवडतो. तळहातावर बोट टेकवीत म्हणावयाच्या मोराच्या गाण्यात स्पर्श, ताल आणि पुढे काय येणार याची उत्सुकता एकत्र येते. शिक्षणतज्ज्ञ ज्यास उद्दीपन म्हणतात ते हेच. सेविकेने याला मागासलेपण न समजता आपल्या कामाचे भांडवल समजावे.

याच वयात मूल परक्या माणसाला पाहून रडू लागते. त्यामुळे पाळणाघरात मूल प्रथम येते तेव्हा आईने काही दिवस थोडा वेळ त्याच्याजवळ बसावे. मूल खेळात रमले की मागच्या दाराने निसटून जाण्याची युक्ती सोपी वाटते, परंतु तिच्यामुळे मुलाचा विश्वास उडतो आणि दुसऱ्या दिवशी ते आईला क्षणभरही सोडत नाही. सांगून जावे, रडले तरी सांगून जावे.

साहित्यासाठी मोठा खर्च लागत नाही. वाटी, पळी, झाकण, वेताची टोपली, कापडी चेंडू यांवर रांगणाऱ्या मुलाचे कितीतरी दिवस जातात. नऊ-दहा महिन्यांचे मूल अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत भाताचे शीत उचलू लागते, ती पुढच्या लेखनाची पहिली पायरी होय. मात्र मोठ्या मुलांना मोजावयास दिलेले चिंचोके, मणी, गोट्या रांगणाऱ्यांच्या जवळपासही असू नयेत; या वयात प्रत्येक वस्तूची परीक्षा तोंडात घालूनच होते. शेंगदाणे आणि फुटाणे यांनाही हाच नियम लागू आहे. आणि दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या मुठीत पाटीपेन्सिल कोंबू नये. ‘आमचा दोन वर्षांचा पोर शंभरपर्यंत आकडे म्हणतो’ असे सरपंच कौतुकाने सांगतात तेव्हा त्यांचा हिरमोड करणे जिवावर येते. पण जिना चढताना एकेक पायरी मोजणारी आजी त्या मुलाला आकड्यांविषयी अधिक शिकवून जाते.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा शालापूर्व शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ठरविण्यात आले. त्याखालील मुलांसाठी आहार, लसीकरण व आरोग्यतपासणी होती. ही विभागणी हळूहळू बदलत आहे. २०२४ मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ हा आराखडा प्रसिद्ध केला. त्यात ३६ महिन्यांसाठी वयानुरूप १४० कृती दिलेल्या आहेत. ‘पाळणा’ योजनेखाली अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालविण्याचीही सोय आहे. कागदावर पाऊल पुढे पडले आहे, यात शंका नाही.

प्रत्यक्षात काय घडते ते एका आदिवासी पाड्यावरील अंगणवाडीत वजनाच्या दिवशी पाहावयास मिळाले. सेविकेपुढे दहा-बारा बाळे होती. ती वजन घेई, वहीत लिही, पुन्हा भ्रमणध्वनीवर भरी. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी भावाला कडेवर घेऊन आली होती. भावाचे वजन झाले, आकडा नोंदला गेला. ‘तू शाळेत का गेली नाहीस?’ असे विचारताच ती म्हणाली, ‘याला कोण बघंल?’ ती शाळेत गेली नाही याची नोंद करण्यास त्या वहीत रकाना नव्हता. त्या भावाशी सकाळपासून कोणी बोलले होते की नाही, यासही नव्हता. सेविकेला दोष देण्याचे कारण नाही. तिचे दोन्ही हात गुंतलेले होते.

तरीही वजनाचा तोच दिवस शिक्षणाचा दिवस होऊ शकतो, कारण एरवी न भेटणारी आई त्या दिवशी समोर असते. ‘काय खातो?’ या प्रश्नासोबत ‘काय बोलतो? कोणाशी खेळतो?’ एवढे विचारले आणि त्या महिन्याची एखादी कृती करून दाखविली तर त्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. पर्यवेक्षिकांनी भेटीच्या वेळी वहीबरोबर हेही पाहावे.

उरलेला भाग ग्रामपंचायतीच्या हाती आहे. आपल्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करणे तिला बंधनकारक आहे. हा निधी वर्षाअखेरीस घाईने एखाद्या वस्तूच्या खरेदीत संपविण्याऐवजी त्यातून अंगणवाडीच्या एका कोपऱ्यात सारवलेली किंवा फरशीची स्वच्छ जमीन, सतरंजी, झोळी टांगण्यास भक्कम आढे आणि पाण्याची सोय करता येईल. भातलावणीच्या व ऊसतोडीच्या दिवसांत तान्ह्या मुलांची सर्वाधिक आबाळ होते. त्या महिन्यांसाठी आधीच ठराव करून मदतनिसाची व्यवस्था करावी. मुख्याध्यापकांनी गैरहजर मुलींच्या यादीपुढे घरातील धाकट्या भावंडाचे वय लिहून ती यादी ग्रामपंचायतीला द्यावी, म्हणजे पाळणाघर कोणत्या वस्तीत हवे ते आपोआप कळेल. शाळा साडेदहाला भरत असेल तर पाळणाघर दहाला उघडलेले असावे, आणि शाळा सुटून मोठी बहीण न्यावयास येईपर्यंत ते बंद होऊ नये.