घरकुलाची वाट ग्रामसभेतून

आषाढ लागला की कुडाच्या भिंती आणि गवती छप्पर असलेल्या घरातील माणसांची झोप उडते. अशा ग्रामीण कुटुंबांना पक्का निवारा मिळावा, या हेतूने केंद्र शासनाने १९८५ मध्ये इंदिरा आवास योजना सुरू केली. १ एप्रिल २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) तिच्या जागी आली. ती २०२८-२९ पर्यंत चालू ठेवण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला.

ग्रामपंचायतीत अर्ज दिला की घरकुल मिळाले, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात निवडीचा आधार असतो तो सर्वेक्षणातील नोंदीचा. प्रथम २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणावरून याद्या झाल्या. त्यांतून सुटलेल्यांसाठी पुढे ‘आवास प्लस’ सर्वेक्षण हाती घेण्यात आले. म्हणून सर्वेक्षणात आपली नोंद झाली आहे की नाही, याची खात्री करून घेणे हे अर्जदाराचे पहिले काम होय.

पुढचा टप्पा ग्रामसभेचा. प्राधान्यक्रमात बेघर कुटुंबे आधी येतात, त्यानंतर एक वा दोन खोल्यांच्या कच्च्या घरांत राहणारी. ग्रामसभा अपात्र नावे वगळू शकते. मात्र त्याची कारणे नोंदवावी लागतात. नाव वगळले गेले अथवा क्रम खाली गेला, तर पंचायत समितीकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निर्णय जिल्हा स्तरावरील अपील समिती करते. तक्रारीची पोच जपून ठेवावी.

घर मंजूर झाल्यावर सर्वसाधारण भागात १,२०,००० रुपये आणि डोंगराळ व दुर्गम भागात १,३०,००० रुपये साहाय्य मिळते. बांधकामाच्या प्रगतीनुसार हप्ते थेट बँक खात्यात जमा होतात. स्वयंपाकाच्या जागेसह घर किमान २५ चौरस मीटरचे असावे लागते. ते लाभार्थ्याने स्वतः बांधून घ्यावयाचे असते. त्यात ठेकेदाराला स्थान नाही. स्वतःची जागा नसलेल्यांसाठी राज्य शासनाची पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसाहाय्य योजना आहे.

एक अडचण मात्र ध्यानी घेतली पाहिजे. २६ जानेवारीला गावोगाव ग्रामसभा भरते, तेव्हा ऊसतोडीला गेलेली कुटुंबे कारखान्याच्या परिसरातील कोप्यांत असतात. ज्यांना घराची निकड अधिक, तेच त्या दिवशी गैरहजर! त्यांनी गाव सोडण्यापूर्वी यादीतील आपले नाव पाहून घ्यावे, आणि ग्रामसभेत यादी वाचली जात असताना शेजाऱ्यांनी त्यांची आठवण करून द्यावी. गावातील खरा गरजू कोण, हे गावकऱ्यांइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?